पेपर संपले, सुट्टी लागली, तरी पुस्तक हातात येत नाहीये? मग असं करून बघा

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. शेवटचा पेपर देऊन नेरुळवरून ठाण्याच्या गाडीत बसले आणि बसल्या बसल्या मोबाईलमध्ये लिस्ट केली, सुट्टीत वाचायची बारा पुस्तकं, शीटमध्ये तारखा टाकून, रंग बिंग देऊन, सबमिशनचं शेड्यूल करतो तशी. पाच आठवड्यांनी कॉलेज परत सुरू झालं तेव्हा त्या बारापैकी एक पुस्तक पान ८४ पर्यंत आलं होतं, बाकीची अकरा शीटमध्येच. आणि गंमत म्हणजे त्याच्या आधी सेमिस्टर चालू असताना, असाइनमेंट, व्हायवा, प्रॅक्टिकल सगळं डोक्यावर असताना, मी गाडीत येताजाता तीन पुस्तकं संपवली होती!

म्हणजे वेळ नव्हता असं म्हणायची सोयच नाही. वेळ ढीगभर होता, पण त्या वेळेला ना आगा ना पिछा. गाडीत कसं, ठाण्याला चढलं की सुरू आणि नेरुळ आलं की बंद, मध्ये दुसरं काही करायला जागाच नाही. घरी सुट्टीत मात्र "वाचू की, आख्खा दिवस पडलाय" म्हणत म्हणत रात्रीचे साडेअकरा वाजतात. त्यामुळे यावेळी मी लिस्ट वगैरे बाजूला ठेवली आणि जे केलं ते खाली सांगतेय. मी इंजिनिअरिंगला आहे, कळव्याला राहते, त्यामुळे उदाहरणं तिथलीच येतील, तुम्ही बीकॉमला असा नाहीतर बारावी देऊन सीईटीतून सुटलेले असा, थोडं इकडेतिकडे करून जमेल.

१) पहिले तीन-चार दिवस काहीच वाचू नका

खरंच सांगतेय. परीक्षेच्या पंधरा दिवसांत झोपेची जी वाट लागलेली असते ती भरून निघायच्या आधी पुस्तक उघडलं तर दोन पानांत डोळे मिटतात आणि मग वाटतं की आपलं वाचन सुटलंच. सुटलेलं नसतं, झोप आलेली असते. झोपा.

या दिवसांत एकच काम करा, टेबल रिकामं करा. झेरॉक्सचे गठ्ठे, जर्नल, कॅल्क्युलेटर, रिकाम्या रिफिली, सगळं एका पिशवीत भरून पलंगाखाली किंवा माळ्यावर. फेकू नका, केटी लागली (म्हणजे विषय राहिला आणि पेपर परत द्यावा लागला) तर तेच लागणार आहे, पण डोळ्यासमोर नको. माझ्या टेबलावर नोट्स पडलेल्या असायच्या तेव्हा गोष्टीचं पुस्तक वाचताना सारखं चोरी केल्यासारखं वाटायचं, पिशवी माळ्यावर गेली आणि अर्धं अवघडलेपण तिथेच गेलं.

आणि रिझल्टचं टेन्शन असेल तर (कोणाला नसतं) एका कागदावर लिहून टाका, कुठल्या पेपरची भीती आहे, रिझल्ट साधारण कधी लागेल, रिव्हॅल्युएशनचा फॉर्म भरायचा झाला तर कुठे बघायचं. कागद कपाटाला चिकटवा. डोक्यात फिरत राहण्यापेक्षा तिथे बरा.

२) सुट्टीचे दिवस खरे किती ते मोजा

इथे बहुतेक सगळे गंडतात, मी पण. पाच आठवडे म्हणजे पस्तीस दिवस हे कागदावर. त्यातून आता वजा करत जा. झोपेचे चार गेले. गावाला किंवा लग्नाला पाच-सहा, आणि लग्नात वाचेन म्हणून पुस्तक बॅगेत टाकणाऱ्यांनो, ते तसंच घडी न मोडता परत येतं. इंटर्नशिपचे फॉर्म, मिनी प्रोजेक्ट, मित्रमैत्रिणींबरोबर एखादी ट्रिप, घरी पाहुणे, दातांचा डॉक्टर, आधार अपडेट, ही सगळी कामं घरचे "तुझी सुट्टी लागली की करू" म्हणून राखून ठेवतात. माझे यावेळी सतराच उरले. पस्तीसचे सतरा!

आता घड्याळ लावून दहा मिनिटं वाचा आणि किती पानं झाली ते बघा. नेहमीच्या वेगाने, कोणाला दाखवायला नाही. माझी मराठी कादंबरीची साधारण सहा पानं होतात, इंग्रजीची थोडी कमी. म्हणजे रोज अर्धा तास धरला तर अठरा पानं, सतरा दिवसांची तीनशे सहा. म्हणजे एक मध्यम जाडीचं पुस्तक आणि वर एखादं पातळसं. बारा पुस्तकांची लिस्ट कुठून आली होती देव जाणे.

हा आकडा बघून वाईट वाटून घेऊ नका उलट सुटल्यासारखं वाटायला हवं, कारण आता दोनच निवडायचीत आणि ती संपू शकतात. काही दिवशी तास दीड तास सहज वाचून होतं, ते वरचं बोनस, ते हिशोबात धरायचं नाही.

३) वाचायच्या वेळेला कुठेतरी बांधा

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे म्हणून जरा सविस्तर सांगते.

"संध्याकाळी वाचेन" ही वेळ नाही. "चार वाजता वाचेन" हीसुद्धा फारशी चालत नाही, चारला कोणीतरी फोन करतं. चालतं ते असं, की घरात एखादी गोष्ट आधीपासून रोज होतेच, तिला वाचन बांधून टाकायचं, आणि शक्यतो अशा ठिकाणी की जिथे पुढे ते आपोआप थांबेल पण. आमच्या बिल्डिंगला संध्याकाळी साडेसहाला पाणी येतं. त्याच्या आधी साडेपाच पावणेसहाला चहा होतो. तर चहाचा कप घेतला की पुस्तक उघडायचं आणि नळाचा आवाज आला की बंद, कारण मग बादल्या, पिंप, फिल्टर, आईची हाक. पाऊण तास होतो. आणि तो नळ मध्येच वाजतो ना, गोष्ट अर्ध्यावर सुटते, तेच बरं पडतं, कारण रात्री जेवताना पुढे काय झालं असेल ते डोक्यात घोळत राहतं आणि दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडायला स्वतःला ढकलावं लागत नाही.

तुमच्याकडे नळ नसेल तर दुसरं काहीतरी असेल. कुकर लावल्यापासून चौथ्या शिट्टीपर्यंत. आजीची सिरीयल सुरू झाल्यापासून संपेपर्यंत. लहान भावाचा क्लास असेल तर त्याला सोडून परत आणायच्या मधला वेळ, तिथेच खाली कट्ट्यावर बसून. माझ्या एका मैत्रिणीने वॉशिंग मशीन लावलं की वाचायचं असं ठरवलंय, मशीन ओरडलं की थांबायचं, आणि घरचे खूश की पोरगी कपडे धुते.

दुपारचं जेवण झाल्यावर आडवं पडून वाचायच्या भानगडीत पडू नका. छातीवर पुस्तक ठेवून झोपण्यात सुख आहे ते मान्य, पण त्याला वाचन म्हणू नये. रात्री झोपायच्या आधीची वेळ बऱ्याच जणांना चालते, मला चालत नाही, कारण तेव्हा फोन उशाशी असतो आणि त्याच्यापुढे पुस्तक टिकत नाही.

आणि एक उपाय जो थोडा येडचाप वाटेल. तुमचा कन्सेशनचा तिमाही पास अजून चालू असेल तर तो वाया का घालवायचा? दुपारी बारा-साडेबाराच्या सुमाराला ठाण्याला नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवरून ट्रान्सहार्बरच्या, म्हणजे नवी मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत बसा, तेव्हा खिडकी मिळते. ऐरोली, रबाळे, घणसोली करत आपल्या कॉलेजच्या स्टेशनपर्यंत जा, चहा प्या, परत या. पास जिथपर्यंत आहे तिथपर्यंतच हां, पुस्तकाच्या नादात पनवेलला पोचलात तर टीसीला गोष्ट सांगून उपयोग नाही. मी या सुट्टीत तीनदा गेले आणि प्रत्येक वेळी साठेक पानं झाली, जी घरी दोन दिवसांत होत नव्हती. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत मात्र हे करू नका, लोकांना कामावर जायचं असतं.

४) पुस्तकं आणायची कुठून

विकत घ्यायला पैसे असतील तर प्रश्नच नाही, पण सुट्टीत पॉकेटमनी पण सुट्टीवर असतो. आणि लायब्ररीचं पुस्तक परत करायची तारीख असते, ती विकतच्या पुस्तकाला नसते, त्यामुळे विकतचं कपाटात जातं आणि लायब्ररीचं वाचून होतं.

ठाण्यात राहत असाल तर मराठी ग्रंथ संग्रहालय ठाऊक असायलाच हवं. १८९३ ला सुरू झालेलं आहे, 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिणारे वि. ल. भावे यांनी पुढाकार घेऊन. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली १८५३ ला, म्हणजे रेल्वे आल्यावर चाळीस वर्षांत गावात लायब्ररी उभी राहिली. आणि आपण त्याच स्टेशनवरून रोज जातो येतो आणि आत कधी पाय ठेवत नाही, मीही तीन वर्षं नव्हता ठेवला. ऐरोलीच्या बाजूला असाल तर सेक्टर १५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारक आहे तिथलं ग्रंथालय बघा, शांत आहे आणि बसायला छान आहे. बाकी आपापल्या भागात चौकशी करा, आजूबाजूला कुठेतरी एखादं वाचनालय असतंच, बोर्ड जुना असतो म्हणून दिसत नाही. आपल्याकडे १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, त्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि सरकारी अनुदान मिळतं, म्हणून तिथली वर्गणी बहुतेक वेळा एका पिझ्झापेक्षा कमीच असते.

जाताना ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, दोन्हीच्या झेरॉक्स आणि दोन फोटो घेऊन जा, म्हणजे दोनदा हेलपाटा पडत नाही. काउंटरवर एवढं विचारून घ्या: अनामत किती आणि ती परत मिळते का, वर्गणी महिन्याची की वर्षाची, एका वेळी किती पुस्तकं, किती दिवसांनी परत, उशीर झाला तर दंड किती, सुट्टी कुठल्या वारी आणि दुपारी बंद असतं का. शेवटचं नक्की विचारा, मी न विचारता दुपारी दोनला गेले होते आणि बंद दारासमोर उभी राहून वडापाव खाऊन परत आले. आणि हे पण विचारा की कपाटातून स्वतः निवडता येतं की चिठ्ठी द्यावी लागते. चिठ्ठी असेल तर कॅटलॉगमधून पाच-सहा नावं लिहून ठेवा कारण पहिली दोन नेहमी बाहेर गेलेली असतात.

काउंटरवरच्या काकूंशी बोला. "मला हसायला येईल असं काहीतरी द्या, जाड नको" असं सरळ सांगा. लाजायचं काय त्यात, त्या रोज शेकडो लोकांना पुस्तकं देतात, कोणाला काय आवडतं ते त्यांना बरोबर कळतं.

डिसेंबर-जानेवारीची सुट्टी असेल तर दिवाळी अंक! तेव्हा लायब्ऱ्यांमध्ये ते फिरत असतात, काही ठिकाणी त्याची वेगळी योजना असते, एकदा पैसे भरा आणि अंक बदलत राहा. मासिकांनी दिवाळीला खास अंक काढायची ही पद्धत १९०९ पासूनची, 'मनोरंजन' मासिकाने सुरू केलेली. वाचनाची सवय मोडलेल्यांसाठी याच्यासारखं दुसरं काही नाही, एक कथा वीस मिनिटांत संपते, नाही आवडली तर पुढची, मध्ये व्यंगचित्रं, मागे राशिभविष्य (वाचतो सगळेच, कबूल कोणी करत नाही). जुने अंक रद्दीवाल्याकडे पण मिळतात. आमच्या नाक्यावरच्या रद्दीवाल्याकडून मी सात अंक आणले, त्यातल्या एकाचं शेवटचं पान नव्हतं आणि कथेचा शेवट आता मीच ठरवलाय.

फुकट आणि कायदेशीर हवं असेल तर मराठी विकिस्रोत बघा, जुनी पुस्तकं ऑनलाइन वाचायची साइट आहे. आपल्याकडे लेखक गेल्यानंतर साठ वर्षांनी कॉपीराइट संपतो, त्यामुळे जे लेखक १९६० च्या आधी गेले त्यांनी हयातीत छापलेलं आता सगळ्यांसाठी मोकळं आहे. टेलिग्रामवर फिरणाऱ्या नव्या पुस्तकांच्या पीडीएफ नकोत. एक तर ती चोरी आहे, मराठीत आधीच प्रती कमी खपतात, आणि दुसरं म्हणजे स्कॅन केलेली पीडीएफ मोबाईलवर वाचताना सारखं झूम करून डावीकडे उजवीकडे सरकवत बसावं लागतं, दहा पानांत माणूस कंटाळतो. मोबाईलवरच वाचायचं तर ई-पब घ्या, त्यात अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप जुळतात.

५) अभ्यासासारखं वाचायचं बंद करा

चार-सहा महिने आपण एकाच पद्धतीने वाचलेलं असतं. हे येईल का पेपरात, हे किती मार्काचं, डेफिनिशन कुठे आहे. ती सवय परीक्षा संपली म्हणून लगेच जात नाही. मी कादंबरी वाचताना एकदा चक्क पेन्सिल घेऊन पात्रांची नावं आणि नाती समासात लिहायला लागले होते, विकतचं पुस्तक होतं म्हणून बरं, लायब्ररीचं असतं तर काकूंनी कान धरला असता. मग लक्षात आलं की मी गोष्ट वाचतच नाहीये, मी तिची रिव्हिजन करतेय.

तर हातात पेन नको. हायलायटर तर लांबच. एखादा शब्द अडला तर लगेच गुगल करायचा नाही, पुढे वाचा, दहातले आठ शब्द पुढच्या चार ओळींत आपोआप समजतात, उरलेले दोन आजीला विचारा, ती शब्दाबरोबर अजून एक गोष्ट पण सांगेल. कंटाळवाणं वर्णन आलं तर उडी मारा, कोणी व्हायवा घेणार नाहीये. पान नंबर लिहून ठेवू नका, ग्रुपवर "आज इतकी पानं" टाकू नका, स्ट्रीक मोजणारी अ‍ॅप्स नकोत, आधीच अटेंडन्सने जीव खाल्लेला असतो. वर दुसऱ्या पायरीत पानं मोजलीत ती एकदाच, निवड करण्यापुरती, नंतर तो कागद फाडा.

आणि पुस्तक सोडायला शिका. माझा नियम तीस पानांचा आहे, तीस पानांत माणसं डोळ्यासमोर उभी नाही राहिली तर परत. कितीही ग्रेट असो, कितीही जणांनी सांगितलेलं असो. अर्धवट टाकलेलं पुस्तक म्हणजे केटी नाही. काही पुस्तकं आपल्याला आत्ता लागत नाहीत, पाच वर्षांनी लागतील.

इंग्रजी मीडियमवाल्यांसाठी एक. मराठी वाचताना अडखळायला होतं म्हणून लाज वाटते आणि मग वाचलंच जात नाही, हे मी घरातच बघितलंय, माझा धाकटा चुलतभाऊ. त्याला आम्ही किशोरवयीन मुलांच्या गोष्टी दिल्या, तो वैतागला, मी काय लहान आहे का म्हणून. मग क्रिकेटवरचं एक पातळ पुस्तक दिलं आणि पहिली दहा पानं मोठ्याने वाचायला लावली. कान ओळखीचे असतात, डोळे नसतात, मोठ्याने वाचलं की दोघांची गाठ पडते. चाळीसेक पानांनंतर त्याचा वेग त्याचा त्यालाच कळला. विषय आवडीचा पाहिजे एवढंच.

६) फोन

यावर सगळे लिहितात म्हणून थोडक्यात. दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. एकच खोली असेल तर फ्रीजवर. अँड्रॉइडला डिजिटल वेलबीइंगमध्ये अ‍ॅपला टाइमर लावता येतो आणि फोकस मोड असतो, आयफोनला स्क्रीन टाइम, दोन्ही चालतात पण दोन्ही बंद पण करता येतात, फ्रीजवरून फोन काढायला मात्र उठावं लागतं. ऑडिओबुक ऐकत असाल तर छानच, मी भाजी निवडताना ऐकते, फक्त त्या वेळेला रील्सचं अ‍ॅप उघडू नका.

७) घरातले लोक

पुस्तक घेऊन बसलेली मुलगी म्हणजे रिकामी मुलगी असा सगळ्या घरांचा समज असतो. अभ्यासाचं पुस्तक असलं की चहा जागेवर येतो, गोष्टीचं असलं की "जरा खाली जाऊन कोथिंबीर आण". यावर चिडून उपयोग नाही. मी आईला सरळ सांगितलं, सकाळची दोन कामं माझी, न सांगता करेन, पण चहा ते नळ या वेळात मला हाक नको. पहिल्या आठवड्यात तिने चार हाका मारल्या. दुसऱ्यात एक. तिसऱ्यात ती विचारायला लागली की पुस्तकातल्या त्या बाईचं पुढे काय झालं, आणि आता ते पुस्तक तिच्याकडे आहे आणि मला कोथिंबीर आणावीच लागते, पण ते वेगळं.

वन बीएचकेत कोपरा मिळत नसेल तर बाहेर पडा. ठाण्यात तलावपाळीला सकाळी, चालणारे लोक निघून गेल्यावर साडेआठ-नऊला बाकं रिकामी असतात. संध्याकाळी तिथे वाचायचा विचार पण करू नका. वाशी-नेरुळकडच्या लोकांना बागा भरपूर आहेत, पण बऱ्याच बागा दुपारी बंद असतात, वेळा बघून जा. अभ्यासिकेत जायचं असेल तर जरा विचार करा, तिथे एमपीएससीवाले रांग लावून जागा धरतात, त्यांच्या शेजारी बसून खुदूखुदू हसणं बरं दिसत नाही आणि एका जागेची त्यांना आपल्यापेक्षा जास्त गरज आहे. लायब्ररीचा पेपर-मासिकांचा हॉल असतो, तिथे बसा, तिथे रिटायर्ड आजोबा असतात, ते काही बोलत नाहीत, फक्त पेपरचं मधलं पान कोणी नेलं यावरून कधीकधी भांडतात.

८) मध्येच खंड पडला तर

पडणारच. ताप येतो, गावाला जावं लागतं, वर्ल्डकप असतो. चार दिवस गेले तर पाचव्या दिवशी बहात्तर पानांची भरपाई करायला बसू नका, ते अगदी अभ्यासासारखं झालं. जिथे सोडलं त्याच्या आधीची दोन-तीन पानं परत वाचा, तेवढ्याने धागा लागतो. नाहीच लागला तर ते पुस्तक बाजूला ठेवून दिवाळी अंकातली एक कथा वाचा आणि दुसऱ्या दिवशी परत बघा.

कॉलेज सुरू व्हायच्या आधीच्या शनिवारी लायब्ररीत एक चक्कर मारा. जाड पुस्तक राहिलं असेल तर मुदत वाढवून घ्या आणि जोडीला एक पातळ, बॅगेच्या पुढच्या कप्प्यात मावेल असं घेऊन या. सोमवारी पासाची तारीख संपलेली असते, खिडकीवर ही लांब लाईन असते, तिथेच पहिली पाच-सहा पानं होतात.